पाळीव जनावरे आणि घर-अंगणाची निगा

महाराष्ट्रातील जुन्या घराची रचना पाहिली तर तीत जनावरांची जागा आगाऊच ठरलेली होती असे दिसून येते. गाई-म्हशी गोठ्यात, कुत्रे अंगणात किंवा फार तर ओसरीच्या पायरीपर्यंत, आणि मांजर मात्र कणगीतल्या धान्याला उंदरांचा उपद्रव म्हणून माजघरापासून माळ्यापर्यंत सर्वत्र, अशी ही वाटणी असे. जमीन शेणाने सारवलेली असल्यामुळे तिच्यावर काही सांडले-लवंडले तरी वरचा पोपडा खरवडून काढून पुन्हा सारवण घातले की भागत असे. आणि परसात माती, राख व ऊन या तिन्ही गोष्टी मुबलक असल्यामुळे घाणीचा निकाल लावण्यासाठी निराळी तजवीज करावी लागत नसे. ही व्यवस्था शहरी वस्तीने पार पालटून टाकली आहे. चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुत्रे कुटुंबाच्या शेजारी झोपते, मांजर कपाटाच्या माथ्यावर बसते, परसाची जागा सज्जातल्या चार कुंड्यांनी घेतली आहे. आणि ज्यांच्या भाग्यी अजून अंगण आहे त्यांच्या अंगणातही हिरवळ, शोभेची झाडे आणि विकतची खते आली आहेत. जनावर ओसरीवरून आत आले, परंतु ते आत आल्यावर घर कसे राखावे याचे शास्त्र मात्र त्याच्याबरोबर आपोआप आले नाही.

या संपूर्ण प्रश्नाचा विचार करू लागले म्हणजे एक गोष्ट पुनःपुन्हा प्रत्ययास येते, आणि तीच या लेखाचे प्रतिपाद्य आहे. ज्या घरात जनावर आहे त्या घराची निगा औषधांच्या तीव्रतेवर अवलंबून नसून कामाच्या तत्परतेवर अवलंबून असते. मूत्राचा दर्प, जंतांचा संसर्ग, हिरवळीवरचे करपलेले डाग, पिसवांचा सुळसुळाट, यांपैकी प्रत्येकाला उपद्रवाचे रूप येण्यास काही अवधी लागतो. हा अवधी कोठे काही तासांचा, कोठे एका दिवसाचा, तर कोठे दोन-चार आठवड्यांचा असतो. आणि तो संपण्यापूर्वी ज्याचा हात पोहोचतो त्याचे काम पाणी, साबण, ऊन व केरसुणी एवढ्यावर निभावते. अवधी उलटू दिला म्हणजे मग जालीम रसायनांचा आश्रय घ्यावा लागतो, आणि ती रसायने, पुढे दिसेल त्याप्रमाणे, घाणीचा नाश करता करता जनावराचाही घात करू शकतात.

प्रथम घराच्या जमिनीचा विचार करू, कारण जनावराचा सर्वाधिक संबंध तिच्याशीच येतो. आपल्याकडील जुन्या वाड्यांतून व चाळींतून जी शहाबादी फरशी दिसते ती, तिच्यानंतर घरोघर आलेला कोटा, आणि श्रीमंतीचे लक्षण मानलेला संगमरवर, ही तिन्ही चुनखडीच्याच जातीची द्रव्ये होत. ती टिकाऊ व उन्हाळ्यात थंड असल्यामुळे जनावरांना फार प्रिय असतात. परंतु ती काही अंशी सच्छिद्र असल्यामुळे, आणि विशेषतः दोन फरश्यांमधल्या दर्जा उखडलेल्या असल्यास, मूत्र त्यांत मुरते. हल्लीची विट्रिफाइड टाईल याच्या उलट प्रकारची. ती काही शोषून घेत नाही व पुसण्यास सोपी पडते, पण तिच्यावर कुत्र्याचे पाय घसरतात, आणि म्हाताऱ्या वा वजनदार कुत्र्याचे मागचे सांधे अशा घसरण्याने अधिकच दुखावतात. यास्तव फरशी कोणतीही असो, दोन कामे घर लावतानाच करून घ्यावीत. एक, दर्जा नीट भरून घेणे. आणि दुसरे, जनावराच्या येण्या-जाण्याच्या व बसण्या-उठण्याच्या जागी धुता येण्यासारखी सतरंजी, गोणपाट किंवा रबरी चटई अंथरणे. मोठे, जड व भिंतीपासून भिंतीपर्यंत पसरलेले गालिचे मात्र अशा घरात नसलेलेच बरे; कारण जे उचलून झटकता येत नाही आणि उन्हात टाकता येत नाही ते स्वच्छ राहत नाही.

मूत्राच्या दर्पाची कारणमीमांसा समजून घेणे अगत्याचे आहे, कारण ती न समजल्यामुळेच पुष्कळ श्रम वाया जातात. ताज्या मूत्रास फारसा वास नसतो. त्यातील युरियाचे सूक्ष्म जंतूंच्या क्रियेने अमोनियात रूपांतर होऊ लागले म्हणजे दर्प उठतो. मांजराच्या मूत्रात याशिवाय युरिक आम्लाचे क्षार असतात, ते साध्या पाण्यात सहजी विरघळत नाहीत. म्हणूनच पुसून कोरडी केलेली जागा पावसाळी दमट हवेत पुन्हा दरवळू लागते. आणि जनावर वासाच्याच खुणेने त्याच जागी परत येत असल्यामुळे अर्धवट केलेली सफाई ही एका अर्थाने पुढच्या घाणीला दिलेले आमंत्रणच ठरते. योग्य रीत अशी की, ओल दिसताच जुने फडके किंवा वर्तमानपत्र दाबून धरून जितके टिपता येईल तितके टिपून घ्यावे, घासून पसरवू नये. मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाणी घालून तेही टिपावे. आणि डाग जुना असल्यास किंवा कापडात, गादीत मुरला असल्यास विकरयुक्त, म्हणजे बाजारात एन्झाइम क्लीनर म्हणून मिळणारे द्रावण वापरून ते सांगितलेला वेळ तसेच राहू द्यावे. येथे दोन धोक्यांची सूचना देणे आवश्यक आहे. घरगुती उपाय म्हणून सुचवले जाणारे व्हिनेगर किंवा लिंबू शहाबादी, कोटा व संगमरवर यांवर कदापि वापरू नये, कारण आम्लाने चुनखडीचा दगड खाल्ला जातो व त्याची झिलई कायमची जाते. तसेच ब्लीचिंग पावडर अथवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रव मूत्रावर ओतू नये, कारण अमोनियाशी त्याचा संयोग होऊन श्वासास घातक असा वायू उत्पन्न होतो.

सफाईच्याही आधीची पायरी म्हणजे घाण होऊच न देणे, आणि तेथे तर वेळेचे महत्त्व अधिकच आहे. कुत्र्याच्या पिलाला झोपेतून उठल्याबरोबर, खाणे झाल्यावर आणि खेळून दमल्यावर बाहेर न्यावे लागते. या तीन वेळा ज्या घरात पाळल्या जातात तेथे पिलू थोड्याच अवधीत शिकते, आणि जेथे त्या चुकतात तेथे नंतर केलेली मारझोड सर्वथा निरर्थक ठरते, कारण घडून गेलेल्या कृत्याशी शिक्षेचा संबंध जोडण्याची त्याची शक्ती नसते. मांजराच्या बाबतीत वाळूचे भांडे स्वच्छ, शांत जागी व खाण्यापासून दूर असावे, आणि अनेक मांजरे असल्यास मांजरांच्या संख्येहून भांडे एक अधिक असावे, असा पशुवैद्यांचा संकेत आहे. नर जनावरांना जागोजागी मूत्राने खूण करण्याची जी सवय असते ती योग्य वयात केलेल्या नसबंदीने पुष्कळ अंशी कमी होते. मात्र एरव्ही शिस्तीचे असलेले जनावर एकाएकी घरात घाण करू लागले तर तो खोडसाळपणा न समजता आजाराची शंका घ्यावी. विशेषतः बोका वारंवार बसूनही त्याला लघवी होत नसेल तर त्याचा मूत्रमार्ग तुंबला असण्याचा संभव असतो, आणि अशा वेळी दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता पशुवैद्याकडे धाव घ्यावी लागते.

केस आणि नखे यांचा उपद्रव त्या मानाने सौम्य, पण नित्याचा. कुत्र्या-मांजरांचे केस बारा महिने गळतात. थंड प्रदेशातून आलेल्या दुहेरी लोकरीच्या जातींचे तर ते इतके गळतात की कोरड्या केरसुणीने काढू म्हटल्यास ते उडून पंख्याच्या पात्यांवर आणि देवघरातील वस्त्रांवर जाऊन बसतात. यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे केस जमिनीवर पडण्यापूर्वी ते फणीने काढून घेणे. रोज थोडा वेळ सज्जात किंवा अंगणात जनावराला विंचरले तर घराचा केर निम्म्याने हलका होतो. शिवाय त्याच वेळी त्याच्या कानांत, बोटांच्या बेचक्यांत व मानेखाली गोचीड आहे की काय हेही तपासून होते. जमीन ओल्या फडक्याने पुसावी किंवा यंत्राने केस ओढून घ्यावेत. मांजराच्या नखांनी सोफा व पडदे फाटतात त्याचे कारण दुष्टावा हे नसून नखावरचे जुने कवच काढून टाकण्याची व आपली खूण ठेवण्याची त्याची निसर्गदत्त गरज हे आहे. तेव्हा काथ्याची दोरी घट्ट गुंडाळलेला एक उभा खांब त्याच्या आवडत्या जागेजवळ ठेवला, तर बहुधा सामान वाचते.

यापुढे परजीवींचा विचार, आणि येथे लोकांचा जो समज आहे तो मुळातच दुरुस्त करावयास हवा. कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या पिसवा वा गोचिडी हा उपद्रवाचा अल्पसा भाग असतो, त्याचा मोठा भाग घरातच दडलेला असतो. पिसवांची अंडी जनावराच्या अंगावरून गळून अंथरुणात, फटींत व गालिच्यात पडतात. अंडी, अळ्या व कोष या रूपांत त्यांची बहुतेक सर्व संख्या, शास्त्रज्ञांच्या अनुमानाप्रमाणे शेकडा 95 च्या आसपास, जनावराबाहेर असते, आणि कोषातील पिसू तर अनेक महिने वाट पाहत राहून पावलांच्या हादऱ्याने जागी होते. म्हणूनच बंद घर पुष्कळ दिवसांनी उघडले म्हणजे पिसवा एकदम उसळल्यासारख्या वाटतात. आपल्याकडील कुत्र्यांवरच्या तपकिरी गोचिडीची कथा याहून चमत्कारिक आहे. अंड्यातून निघाल्यापासून पूर्ण वाढ होईपर्यंत ती तीन वेळा रक्त पिऊन जनावराच्या अंगावरून उतरते, भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे व छताच्या कडेला जाऊन बसते, आणि मादी एका वेळी हजारो अंडी तेथेच घालते. या गोचिडींपासून कुत्र्यांना एर्लिकिओसिस व बेबेसिओसिस यांसारखे प्राणघातक ताप येतात. तेव्हा अंगावर औषध लावून घराकडे दुर्लक्ष करणाऱ्याला यश येत नाही. आणि घर फवारून अंगाकडे दुर्लक्ष करणाऱ्यालाही येत नाही. जनावराचे अंथरूण दर आठवड्यास गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवणे, भिंतीच्या भेगा सिमेंटाने बुजवणे, कोपरे झाडून केर लगोलग घराबाहेर टाकणे, आणि पशुवैद्याने सांगितलेले औषध त्याने सांगितलेल्या अंतराने, मध्ये खंड न पाडता देणे, ही चारही कामे एकाच वेळी चालली पाहिजेत. मांजर असलेल्या घरात एक विशेष खबरदारी घ्यावी. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या ज्या औषधांत परमेथ्रिन असते ती मांजराला विषासमान असून, अशा औषधाने माखलेल्या कुत्र्याला बिलगून झोपल्यानेही मांजराला झटके येऊ शकतात.

विष्ठेची विल्हेवाट हा या प्रश्नाचा असा भाग आहे की ज्याबद्दल सभ्य लोक बोलत नाहीत, परंतु ज्यावर लहान मुलांचे आरोग्य प्रत्यक्ष अवलंबून असते. कुत्र्याच्या पोटातील गोल जंतांची अंडी विष्ठेबरोबर बाहेर पडतात तेव्हा ती संसर्गक्षम नसतात. मातीत दोन ते चार आठवडे राहिल्यावर त्यांत अळी तयार होते, आणि मग मात्र ती वर्षानुवर्षे मातीत टिकून राहू शकतात व मातीत खेळणाऱ्या मुलांच्या हातांवाटे पोटात जातात. अंकुशकृमींच्या अळ्या उष्ण व दमट मातीत साधारण आठवडाभरात तयार होऊन अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतात. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा जो सूक्ष्म जीव बाहेर पडतो, आणि ज्याचा गर्भवती स्त्रीच्या उदरातील बाळास धोका असतो, त्यालाही संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. निसर्गाने दिलेल्या या मुदतीचा अर्थ स्पष्ट आहे: वाळूचे भांडे दररोज साफ करणारा आणि अंगणातील विष्ठा त्याच दिवशी उचलणारा मनुष्य कोणत्याही औषधावाचून या तिन्ही रोगांचा मार्ग रोखून धरतो. घरात गर्भवती स्त्री असेल तर भांड्याचे काम दुसऱ्याने करावे, आणि बागकाम करताना तिने हातमोजे घालावेत. शेणखताच्या सवयीमुळे काहीजण कुत्र्या-मांजरांची विष्ठाही खताच्या खड्ड्यात टाकतात. भाजीपाल्याला घालावयाच्या खतात ती टाकणे सर्वथा गैर होय, कारण घरगुती खड्ड्यातील उष्णता जंतांची अंडी मारण्यास पुरेशी होईलच असा भरवसा नसतो.

आता अंगणाकडे वळू. हिरवळीवर कुत्र्याच्या मूत्राने जे पिवळे, करपलेले ठिपके पडतात त्यांचे कारण त्यातील नत्राचे आधिक्य होय. थोडेसे नत्र खताचे काम करते, एका जागी फार झाले की ते गवत जाळते, आणि कुत्री एकाच जागी बसून सर्व मूत्र सोडत असल्यामुळे तिने केलेले डाग अधिक ठळक उमटतात. त्याच क्षणी बादलीभर पाणी ओतले तर नत्र विरून जाते व डाग पडत नाही. फार उशिरा ओतलेल्या पाण्याला मात्र तो गुण राहत नाही. विदेशी नाजूक गवतापेक्षा आपली हरळी अशा अंगणाला अधिक मानवते, कारण ती जमिनीवर धावत जाऊन मोकळी पडलेली जागा पुन्हा झाकून टाकते. उभ्या वस्तूवर खूण करणे हा कुत्र्याचा स्वभावधर्म असल्यामुळे तुळशीवृंदावन, दाराचा खांब व कुंपणाचा कोपरा ही त्याची पहिली लक्ष्ये ठरतात; वृंदावनाभोवती हातभर उंचीची जाळी किंवा दाट झुडुपांची रांग लावून, कुत्र्याला अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात एक लाकडी खुंट दिला, की पावित्र्य व स्वभाव या दोहोंचा मान राहतो. कुत्री वैशाखाच्या उन्हात वाफ्यात खड्डे करतात ती बहुधा गार मातीच्या शोधात. झाडाच्या सावलीत ओलसर वाळूची एक जागा त्यांना स्वतंत्र तोडून दिली तर वाफे सुरक्षित राहतात. मांजर कुंडीतली मऊ माती उकरते, म्हणून कुंडीच्या तोंडाशी करवंट्यांचे तुकडे किंवा जाड खडी पसरावी. विहीर असेल तर तिच्यावर लोखंडी जाळी, वरच्या मजल्यावरचा सज्जा असेल तर त्याला बारीक विणीची भक्कम जाळी, आणि फाटकाला जनावराला उघडता येणार नाही अशी कडी, ही तर अंगणाची प्राथमिक गरजच समजावी.

बागेतील विषांबद्दल मात्र तपशीलवार बोलले पाहिजे, कारण येथे अज्ञानाची किंमत प्राणांनी द्यावी लागते. पूजेसाठी घरोघर लावलेली कण्हेर आणि तिच्यासारखीच बिट्टी, म्हणजे पिवळी कण्हेर, या दोहोंत हृदयाची गती बिघडवणारी विषे असतात. धोतरा, गुंज व एरंडाच्या बिया हेही तसेच घातक. शोभेसाठी लावल्या जाणाऱ्या सायकसच्या बिया कुत्र्याचे यकृत निकामी करतात. आणि अळू, मनीप्लांट व डिफेनबॅकिया यांच्या पानांतील सूक्ष्म स्फटिकांनी तोंडाची आग होऊन लाळ गळते. खऱ्या लिली वर्गातील फुलझाडे मांजराच्या मूत्रपिंडांना इतकी मारक आहेत की फुलांचे परागकण अंगावरून चाटण्यात आले तरी पुरे होतात. ज्या घरात मांजर आहे तेथे पुष्पगुच्छातूनही लिली येऊ देऊ नये. परंतु या सर्वांहून कपटी धोका खताच्या पिशवीत असतो. एरंडाची पेंड हे सेंद्रिय खत म्हणून सर्रास विकले जाते, तिच्या वासाने कुत्रे लालचावते, आणि तीत उरलेल्या रायसिन या विषाने त्याचा मृत्यू ओढवतो. हाडांच्या चुऱ्यात ती पेंड मिसळलेली असली तर धोका दुणावतो. पेंडच घालावयाची असेल तर निंबोळीची घालावी. पावसाळ्यात गोगलगाईंच्या बंदोबस्तासाठी जी मेटाल्डिहाइडची गोळी टाकतात तीही कुत्र्यांना खाद्यासारखी वाटते; जनावर असलेल्या घरी गोगलगाई संध्याकाळी ओल्या गोणपाटाखाली जमवून सकाळी हाताने वेचाव्यात व मिठाच्या पाण्यात टाकाव्यात, हीच रीत बरी.

घरातील कपाटातही अशी विषे पुष्कळ असतात. जमीन पुसण्यास घालावयाचे काळे फिनेल फिनॉल-जातीच्या द्रव्यांनी बनलेले असते, आणि मांजराच्या यकृतास ही द्रव्ये निकामी करण्याची पुरेशी शक्ती नसल्यामुळे पुसलेल्या जमिनीवरून चालून नंतर पंजे चाटणारे मांजर हळूहळू विषबाधित होते. नित्याच्या सफाईला साबणाचे पाणी पुरते. जंतुनाशकाची खरी गरज लागते ती रोगाच्या वेळी. पार्व्होच्या विषाणूसारखा चिवट शत्रू घरात येऊन गेला असेल तर मात्र साबणाने भागत नाही. तीस भाग पाण्यात एक भाग घरगुती ब्लीच मिसळून ते दहा मिनिटे जमिनीवर राहू देऊन मग स्वच्छ पाण्याने धुवावे, आणि हा विषाणू मातीत महिनोन्महिने जगत असल्यामुळे लस पूर्ण न झालेले नवे पिलू त्या घरात आणण्याची घाई करू नये. कपड्यांतील डांबराच्या गोळ्या, कापूर, उंदरांचे विष ही सर्व कुलपात असावीत. उंदरांच्या विषांपैकी काहींनी रक्त गोठण्याची क्रिया बंद पडते आणि त्याची लक्षणे दिसण्यास काही दिवस जातात, म्हणून विष खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वेष्टणासह पशुवैद्याकडे जावे. स्वयंपाकघरातील चॉकलेट, द्राक्षे व बेदाणे, कांदा-लसूण आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले पदार्थ हे कुत्र्याच्या पानात कधीही पडता कामा नयेत.

पावसाळा हा या सर्व व्यवस्थेच्या कसोटीचा काळ होय. ओल्या अंगाने आलेल्या जनावराच्या पायांना चिखल, बोटांत बुरशी आणि अंगाला कुबट वास हे सर्वांस ठाऊक आहे, आणि दाराशी एक जाड पंचा व पाय धुण्याचे पसरट भांडे ठेवल्याने त्याचा बराचसा परिहार होतो. त्याहून गंभीर प्रश्न लेप्टोस्पायरोसिसचा. हा रोग मुख्यतः उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून पसरतो. 26 जुलै 2005 च्या जलप्रलयानंतर मुंबईत त्याची जी साथ उसळली तिची आठवण अजून ताजी आहे. कुत्र्यांनाही तो होतो व त्यांची लस उपलब्ध आहे. परंतु उंदीर अंगणात येतात ते कशासाठी, हे पाहिले तर पुष्कळदा कुत्र्याच्या पुढ्यातले उष्टे अन्न हेच कारण आढळते. रात्रभर अंगणात पडून राहिलेले भांडे उंदरांना बोलावते, आणि उंदरांच्या मागे नाग, घोणस येतात. तेव्हा खाणे झाल्यावर भांडे उचलून धुण्याच्या एका साध्या नियमाने या रोगाचा व सर्पदंशाचाही संभव कमी होतो. विटांचे ढीग, लाकडाचे ओंडके व वाढलेले रान पावसापूर्वी काढून टाकणे हेही त्याच बंदोबस्ताचे अंग आहे.

रेबीजविषयी हयगय चालणार नाही. 1885 साली लुई पाश्चरने मनुष्यावर प्रथम वापरलेली लस आज सर्वत्र उपलब्ध असतानाही जागतिक आरोग्य संघटनेच्या अनुमानाप्रमाणे जगातील रेबीजच्या मृत्यूंपैकी शेकडा 36 एकट्या भारतात होतात. आणि मनुष्यास होणारा हा रोग जवळजवळ सर्वथा कुत्र्यांच्या चाव्यातूनच येतो. पिलू सुमारे तीन महिन्यांचे झाले की पहिली लस व त्यानंतर पशुवैद्याने नेमून दिलेल्या मुदतीने पुढील लस, याची नोंद घरातल्या दप्तरात ठेवावी. कोणत्याही जनावराने चावा घेतला वा ओरखडा काढला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. येथे वेळेची मुदत ओलांडली व रोगाची लक्षणे दिसू लागली, म्हणजे वैद्यकाच्या हाती जवळजवळ काहीच उरत नाही.

घराच्या उंबऱ्याबाहेर शेजार सुरू होतो, आणि शहरातील जनावरांचा तंटा काही आजचा नव्हे. 1832 साली मुंबईत मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमाविरुद्ध पारशी समाज रस्त्यावर उतरला होता. पुढे 1886 साली परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय स्थापन होऊन जनावरांच्या शास्त्रीय शुश्रूषेचा पाया घातला गेला. आजचा कायदा दोन्ही बाजूंना बांधतो. प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे 1976 च्या घटनादुरुस्तीने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाप्रमाणे नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला वाजवी व्यायाम न देणे हा गुन्हा आहे. आणि सदनिकांच्या संस्थांनी सरसकट जनावरबंदी करू नये, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 साली मार्गदर्शक सूचनांद्वारे सांगितले आहे. आपले देशी पोपट व चांदणी कासव मात्र 1972 च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमामुळे घरात ठेवताच येत नाहीत. परंतु हक्काचा आधार घेणाऱ्याने महापालिकेचा परवाना काढणे, रस्त्यावरची व जिन्यातली विष्ठा स्वतः उचलणे, उद्वाहनात कुत्र्याला आखूड दोरीने धरणे आणि रात्रीच्या भुंकण्याचे कारण शोधून ते दूर करणे, ही कर्तव्ये कुणी फिर्याद करण्याची वाट न पाहता पार पाडली पाहिजेत. एकटे ठेवलेले, न फिरवलेले व कंटाळलेले कुत्रे भुंकते. सकाळ-संध्याकाळ मनसोक्त चालून आलेले कुत्रे झोपते. शेजाऱ्यांच्या बहुसंख्य तक्रारींचे मूळ अशा रीतीने पुन्हा वेळेपाशीच येऊन पोहोचते.

हे काम कोणी करावयाचे, हा प्रश्न अखेरीस उरतो, आणि आपल्या घरांतून त्याचे उत्तर फार अन्यायाने दिले जाते. जनावर आणण्याचा हट्ट मुलांचा असतो, संमती कर्त्या पुरुषाची असते, आणि केर काढणे, ओल पुसणे व भांडे धुणे हे सर्व घरातील स्त्रीच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईंच्या वाट्याला न विचारता येते. कामवाल्या बाई दिवसातून एकदाच येतात. त्यांच्या येण्यापर्यंत थांबलेली घाण म्हणजेच वर सांगितलेली मुदत उलटून गेलेली घाण. म्हणून विष्ठा व मूत्र यांचे काम पगारी माणसावर सोपवू नये, ते घरातल्या माणसांनी वाटून घ्यावे, आणि मुलांनाही त्यांच्या वयाप्रमाणे वाटणी द्यावी. दहा वर्षांचे मूल पाण्याचे भांडे धुऊन भरू शकते, विंचरू शकते, आणि मोठ्यांच्या सोबतीने कुत्र्याला फिरवूही शकते. जनावरावरचे प्रेम अशाच कामांनी मुरते, त्याचे फोटो काढल्याने मुरत नाही.

यावरून जनावर पाळू इच्छिणाऱ्याने स्वतःला कोणता प्रश्न विचारावा हेही ठरते. घर केवढे आहे, अंगण आहे की नाही, फरशी कोणती आहे, हे सर्व प्रश्न दुय्यम होत. लहान घरातही जनावर सुखाने राहते आणि मोठ्या बंगल्यातही ते उपेक्षित राहू शकते. सकाळी सहा वाजता त्याला बाहेर कोण नेणार, दुपारी घरी कोण असणार, रात्री त्याचे भांडे कोण उचलणार, आणि ही उत्तरे त्याच्या बारा-पंधरा वर्षांच्या आयुष्यभर टिकणार का, याचा खुलासा कुटुंबाने एकत्र बसून आधी करावा. ज्या घरात या प्रश्नांना माणसांची नावे घेऊन उत्तरे देता येतात त्या घराने निःशंकपणे जनावर आणावे. ज्या घरात ती आज देता येत नाहीत त्याने ती देता येईपर्यंत थांबावे, आणि ते थांबणेही त्या मुक्या जीवावरच्या प्रेमातच जमा धरावे.